१९८६ च्या पोर्श ९४४ मध्ये कोणते इंजिन ऑइल घालावे?

आपण पाठवलेल्या माहितीचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाबद्दल आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपल्याकडे १९८६ ची, टर्बो नसलेली, अडीच लीटर इंजिनाची पोर्श ९४४ आहे आणि ती आपण इंग्लंडमध्ये वापरता. गाडीचे १,३०,००० मैल झाले आहेत. गेल्या उन्हाळ्यात सर्व्हिसिंग करताना गॅरेजने १५डब्ल्यू-४० काढून ‘फुली सिंथेटिक’ ५डब्ल्यू-३० भरले. तेव्हापासून इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा जो काटा अडीच बारवर असे, तो दीडवर येतो आणि सकाळी सुरू करताना टॅपेटची (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागांची) टकटक पूर्वीपेक्षा जास्त वेळ ऐकू येते. गाडी नोव्हेंबर ते मार्च उभी असते. पुण्यातील आपले काका २०डब्ल्यू-५० घालायला सांगतात, ट्रॅकवर जाणारा मित्र १०डब्ल्यू-६० सुचवतो आणि गॅरेजवाले म्हणतात की आजचे कोणतेही ऑइल १९८६ च्या ऑइलपेक्षा चांगलेच आहे.

माझे मत असे की आपण ५डब्ल्यू-३० काढून टाकावे आणि ज्याच्या डब्यावर एसीईए (युरोपातील मोटार उत्पादकांची संघटना) या संस्थेचा ए३/बी४ हा दर्जा स्पष्ट लिहिलेला आहे व ज्यात फॉस्फरसचे प्रमाण ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यान आहे, असे १०डब्ल्यू-४० घालावे. त्यानंतर यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाचे प्रेशर मोजावे, आणि ते समाधानकारक नसेल तरच १५डब्ल्यू-५० कडे वळावे. या क्रमाला कारणे आहेत, आणि ती समजली तर पुढच्या वेळी दुकानात उभे राहून आपला निर्णय आपण स्वतः घेऊ शकाल.

सुरुवात आकड्यांपासून करावी लागेल, कारण बहुतेक गोंधळ तेथेच होतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती दाट होते ते सांगतो. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला. मागचा आकडा १०० अंश तापमानाला ऑइलचा दाटपणा कोणत्या पट्ट्यात येतो ते सांगतो : ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९ आणि ६० म्हणजे २१.९ ते २६.१. हे पट्टे आहेत, बिंदू नव्हेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका कंपनीचे ४० हे १२.८ असू शकते आणि दुसरीचे १५.५, आणि दोन्ही डब्यांवर आकडा मात्र एकच छापलेला असतो. म्हणून मी डब्याच्या दर्शनी बाजूपेक्षा उत्पादकाने प्रसिद्ध केलेला तांत्रिक तक्ता वाचतो. तो बहुतेक चांगल्या कंपन्या देतात, आणि जी कंपनी देत नाही तिचे ऑइल मी जुन्या इंजिनात घालत नाही.

त्या तक्त्यात आणखी एक आकडा असतो, आणि आपल्या गाडीसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याला एचटीएचएस म्हणतात. १५० अंश तापमानाला, दोन पृष्ठभाग एकमेकांवरून अतिशय वेगाने सरकत असताना मधल्या ऑइलच्या थराचा दाटपणा किती उरतो, हे तो मिलिपास्कल-सेकंदांत सांगतो. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये नेमकी हीच परिस्थिती असते. ३० च्या ऑइलला हा आकडा किमान २.९ असला तरी चालतो, १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५ लागतो आणि १५डब्ल्यू-४० व सर्व ५० च्या ऑइलना किमान ३.७. एसीईएच्या ए३/बी४ दर्जालाही किमान ३.५ ची अट आहे. उलट ए५/बी५ आणि सी२ हे दर्जे इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम पातळ ठेवलेले आहेत. त्यामुळे ‘५डब्ल्यू-३०’ एवढेच सांगितल्याने काहीच कळत नाही. सी३ दर्जाचे ५डब्ल्यू-३० आणि ए५/बी५ चे ५डब्ल्यू-३० ही बेअरिंगच्या दृष्टीने दोन वेगळी ऑइले आहेत. आपल्या गॅरेजने यांपैकी कोणते भरले ते बिलावर लिहिलेले नाही, आणि माझी पहिली हरकत तीच आहे.

आता या इंजिनाबद्दल. ९४४ चे चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे पोर्शच्याच ९२८ या मॉडेलच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाच्या एका बाजूवरून विकसित केलेले इंजिन. १०० मिलिमीटर बोअर, ७८.९ मिलिमीटर स्ट्रोक, २,४७९ घन सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या चार सिलिंडरचा थरथराट दाबण्यासाठी त्यात मित्सुबिशीच्या पेटंटचे दोन बॅलन्स शाफ्ट बसवलेले आहेत. ब्लॉक सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा असून त्यात लोखंडी लायनर नाहीत. पिस्टन थेट सिलिकॉनच्या कणांवरून सरकतात आणि त्यासाठी पिस्टनवर लोहाचा पातळ थर दिलेला असतो. कॅमशाफ्ट हायड्रॉलिक बकेट टॅपेटवर घासत फिरतो, तेथे रोलर नाही. या वर्णनातून ऑइलकडून चार मागण्या निघतात : रॉड बेअरिंगमध्ये गरम असताना टिकणारा थर, कॅम आणि टॅपेटच्या घासणाऱ्या पृष्ठभागांना रासायनिक संरक्षण, हायड्रॉलिक टॅपेट भरण्याइतके वेगाने वाहणे, आणि थंड इंजिन सुरू होताच सिलिंडरच्या भिंतींपर्यंत लवकर पोहोचणे. पहिल्या दोन मागण्या दाट आणि जुन्या धाटणीच्या ऑइलकडे ओढतात, शेवटच्या दोन पातळाकडे. योग्य ऑइल म्हणजे या ओढाताणीतला समतोल, आणि म्हणूनच ‘जितके जाड तितके चांगले’ हे मला मान्य नाही.

रॉड बेअरिंगची गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी. या इंजिनात दुसऱ्या क्रमांकाच्या रॉडचे बेअरिंग आधी जाते, हे ९४४ वर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लांब वळणावर वेगात असताना ऑइल एका बाजूला जमा होते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि त्या क्षणी त्या बेअरिंगला पुरेसे घट्ट ऑइल मिळत नाही. ऑइल जास्त तापलेले असेल, पातळ असेल किंवा पातळी कमी असेल, तर धोका वाढतो. माझ्या टेबलावर उघडलेल्या अशा इंजिनांमध्ये इतर सर्व बेअरिंग करड्या रंगाची, एकसारखी, आणखी वर्षानुवर्षे चालतील अशी असतात, आणि दुसरे मात्र तांबे दिसेपर्यंत पुसून गेलेले असते. म्हणून ऑइल कोणतेही घाला, पण डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेजवळ ठेवा. सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, दर दुसऱ्या टाकीच्या पेट्रोलला ती पाहावी. ही एक सवय कोणत्याही महागड्या ऑइलपेक्षा अधिक संरक्षण देते, असे मी अनुभवावरून सांगतो.

कॅम आणि टॅपेटच्या संरक्षणाचा प्रश्न झेडडीडीपी या जस्त आणि फॉस्फरस असलेल्या रसायनाशी निगडित आहे. दाब आणि उष्णतेने ते धातूच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करते आणि ऑइलचा थर फाटला की झीज त्या थराची होते, धातूची नव्हे. परंतु फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो. त्यामुळे अमेरिकेच्या एपीआय दर्जांत त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले गेले आणि २००४ च्या एसएम दर्जापासून ३० व त्याहून पातळ ग्रेडच्या ऑइलांत कमाल मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. आपली गाडी तयार झाली तेव्हा एसएफ हा दर्जा चालू होता आणि त्या काळी अशी मर्यादा नव्हती. गॅरेजवाले जे म्हणतात ते एका अर्थाने खरे आहे : ऑक्सिडेशन, गाळ आणि शुद्धता या बाबतींत आजचे ऑइल १९८६ च्या ऑइलपेक्षा कितीतरी सरस आहे. पण ते ज्या इंजिनांसाठी बनवले जाते, त्यांतील बहुतेकांत रोलर असतात. १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० या ग्रेडना ती फॉस्फरसची मर्यादा सामान्यतः लागू नसते, आणि मी ३० सोडून ४० कडे जायला सांगतो त्याचे हे दुसरे कारण आहे.

यावर लगेच कोणी झेडडीडीपीची वेगळी बाटली आणून ऑइलमध्ये ओतू नये. ऑइलमधील रसायने एकमेकांशी जुळवून घेतलेली असतात. पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी झेडडीडीपी आणि स्वच्छता करणारी रसायने यांच्यात स्पर्धा असते, आणि एकाचे प्रमाण मनाने वाढवले की दुसऱ्याचे काम बिघडते. फॉस्फरस प्रमाणाबाहेर वाढला तर त्यानेही पृष्ठभागाचे नुकसान होऊ शकते. मुळातच योग्य प्रमाण असलेले ऑइल विकत मिळत असताना हा प्रयोग करण्याचे कारण नाही. आपल्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल, तर ०.१२ टक्क्यांपर्यंत निर्धास्त जावे. असेल तर ०.१० च्या आसपास राहावे.

आता आपल्या गेजकडे वळतो. आयडलिंगला पंप हळू फिरतो आणि जादा दाब सोडून देणारी रिलीफ झडप बंद असते. त्यामुळे गरम आयडलिंगचा आकडा ऑइलच्या दाटपणाचे आणि बेअरिंगमधील मोकळ्या जागेचे प्रतिबिंब असतो. १०० अंशांना चौदाच्या आसपास असलेले ऑइल काढून अकराच्या आसपासचे घातले, तर काटा खाली येणे स्वाभाविक आहे. त्यावरून इंजिन गेले असा अर्थ काढू नये. दुसरीकडे, थंड इंजिनावर काटा पाचवर टेकतो म्हणून समाधानही मानू नये. दाब म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, आणि अडथळा जास्त म्हणजे वंगण जास्त असे नसते. शिवाय या गाडीचा प्रेशर सेंडर, म्हणजे काट्याला दाब कळवणारा भाग, वयाबरोबर खोटे बोलू लागतो. म्हणून मी प्रत्येक ९४४ वर काही ठरवण्याआधी सेंडर काढून त्या जागी यांत्रिक गेज लावतो, गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवतो आणि मग आयडलिंग, मिनिटाला ३,००० आणि ५,००० फेऱ्यांना नोंद घेतो. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि पुढच्या सर्व वादांचा निकाल त्यात लागतो.

काकांच्या सल्ल्याबद्दल थोडे सांगतो, कारण तो चुकीच्या माणसाचा सल्ला नाही, फक्त वेगळ्या जागेचा आहे. मी पुण्यात काम शिकलो तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात २०डब्ल्यू-४० चे एकच पिंप असे आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीत तेच जाई. तेथे थंडीतली पहाटसुद्धा क्वचितच दहा अंशांच्या फार खाली जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या उन्हात गाडी वाहतुकीत अडकते. तेथे दाट ऑइल ही गरज होती आणि आजही जुन्या गाडीला ती असू शकते. इंग्लंडमधील मार्चच्या सकाळी मात्र तापमान तीन-चार अंश असते. त्या वेळी २०डब्ल्यू-५० टॅपेटपर्यंत आणि सिलिंडरच्या भिंतींपर्यंत पोहोचायला वेळ घेते, आणि लायनर नसलेल्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर ओरखडे पडण्याची भीती अशाच थंड सुरुवातीत जास्त असते. तेच ऑइल फक्त जून ते ऑगस्ट वापरणार असाल तर मी विरोध करणार नाही.

१०डब्ल्यू-६० ला मात्र माझा विरोध आहे. एवढा मोठा पल्ला गाठण्यासाठी ऑइलमध्ये दाटपणा टिकवणारे पॉलिमर भरपूर घालावे लागतात आणि ते बेअरिंगमध्ये चिरडले जाऊन हळूहळू तुटतात. शिवाय रस्त्यावर ९० ते १०० अंशांना चालणाऱ्या इंजिनाला तेवढ्या दाटपणाचा उपयोग नाही, फक्त पंपाचे काम वाढते आणि ऑइल स्वतःच अधिक तापते. मित्राच्या गाडीचे ऑइल ट्रॅकवर १२० अंशांच्या पुढे जात असेल. त्याचे गणित त्याच्यासाठी बरोबर असू शकते. आपणही वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणार असाल, तर १५डब्ल्यू-५० पुरेसे आहे. आणि हे वाचणाऱ्या कोणाकडे ९४४ टर्बो असेल, तर टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होऊ नये म्हणून त्यांनी उष्णतेत टिकणारे चांगले सिंथेटिकच वापरावे.

‘सिंथेटिक’ या शब्दाने आपण बिचकला आहात असे पत्रावरून वाटले. सिंथेटिकमुळे जुन्या गाडीत गळती सुरू होते, हा समज अगदी निराधार नाही, पण तो आहे त्यापेक्षा मोठा झाला आहे. सुरुवातीच्या काळातील काही सिंथेटिक ऑइले रबरी सील पुरेसे फुगवत नसत. आजच्या ऑइलांत त्याची तजवीज केलेली असते. आज गळती दिसते ती बहुधा यामुळे, की कडक झालेल्या सीलभोवती साचलेला जुना गाळ नवीन ऑइलने धुऊन निघतो आणि मुळातली फट उघडी पडते. सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. दोन्ही प्रकारांत ए३/बी४ चे चांगले १०डब्ल्यू-४० मिळते.

गळतीकडे मात्र या गाडीत दुर्लक्ष करता येत नाही. क्रँकशाफ्टचे आणि बॅलन्स शाफ्टचे पुढचे सील टायमिंग बेल्टच्या शेजारीच आहेत. तेथून पाझरणारे ऑइल बेल्टच्या रबरावर गेले की बेल्ट लवकर खराब होतो, आणि या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. अशा गळतीवर दाट ऑइल किंवा गळती थांबवण्याची बाटली हा उपाय नव्हे. सील बदलावे आणि त्याच वेळी बेल्टही बदलावा. तसेच ब्लॉकच्या बाजूला ऑइल आणि पाणी यांचा एकत्र कूलर आहे, त्याचे आतले सील गेले की पाण्याच्या टाकीत तपकिरी साय दिसू लागते. ऑइल बदलण्याआधी टाकीचे झाकण उघडून पाहा. साय दिसली तर प्रथम तो कूलर, मग नवे ऑइल. ते काम करणाऱ्याला शेजारची रिलीफ झडप बसवताना घ्यायची काळजी माहीत आहे ना, हे विचारून घ्यावे. झडप तिरकी बसली तर ती अडकू शकते.

टॅपेटची टकटक सुरू झाल्यावर काही सेकंदांत थांबत असेल तर तिची चिंता नको. रात्रभरात टॅपेटमधले ऑइल खाली उतरते आणि पुन्हा भरायला तेवढा वेळ लागतो. इंजिन तापल्यावरही आवाज राहत असेल, तर आधी फिल्टर पाहा : त्यात ऑइल परत उतरू न देणारी झडप असावी आणि ती कडक झालेली नसावी. इंजिन फ्लशचे रसायन या वयाच्या इंजिनात घालू नका. सुटलेला गाळ सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) जाळीवर जाऊन बसला तर दुसऱ्या बेअरिंगचे जे होते ते मी वर सांगितले आहे. त्याऐवजी नवे १०डब्ल्यू-४० घालून ते हजार मैलांनी बदला, आणि पुन्हा तेच घाला. मऊ पद्धतीने स्वच्छता होते आणि टॅपेट पुष्कळदा शांत होतात.

पहिल्यांदा काढलेले ५डब्ल्यू-३० फेकून देण्याआधी त्याचा नमुना ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा, असा माझा आग्रह आहे. नमुना ड्रेन नट उघडल्यावरच्या पहिल्या धारेतला नको, मधल्या धारेतला घ्यावा. अहवालात शिसे, कथील आणि तांबे वाढलेले असतील तर बेअरिंग झिजते आहे. लोखंड वाढलेले असेल तर कॅम, टॅपेट किंवा रिंग. सोडियम आणि पोटॅशियम दिसले तर पाणी मिसळते आहे. शिसे खूप वाढलेले असेल आणि यांत्रिक गेजवरही प्रेशर कमी येत असेल, तर दाट ऑइल घालून दिवस ढकलू नका. सम्प उतरवून रॉड बेअरिंग बदलणे हे खर्चाचे काम आहे, पण क्रँकशाफ्ट खराब होण्याच्या आधी केले तर गाडी वाचते.

ऑइल मैलांवर नव्हे तर वर्षावर बदलावे, कारण आपली गाडी वर्षाला दोन-तीन हजार मैलच चालते. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल, पाण्याचा अंश आणि आम्ले ऑइलमध्ये साचतात, आणि ती हिवाळाभर बेअरिंगवर बसून राहणे वाईट. म्हणून ऑइल आणि फिल्टर वसंतात नव्हे, ऑक्टोबरच्या अखेरीस, गाडी ठेवून देण्याआधी बदला. गरम इंजिनावर ड्रेन नट उघडा, त्याचा वॉशर नवा घाला आणि ऑइल पूर्ण निथळू द्या. सुमारे ६ लीटर लागेल. मॉडेलच्या वर्षानुसार त्यात फरक आहे, म्हणून साडेपाच लीटर घालून नंतर डिपस्टिक पाहत भरा. मग गाडी वीस मिनिटे चालवून आणा, म्हणजे नवे ऑइल सर्वत्र पोहोचेल, आणि मार्चपर्यंत तिला हात लावू नका. दर रविवारी पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची पद्धत मोडा. त्याने इंजिन तापत नाही, फक्त पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये जमा होते. मार्चमध्ये सुरू केल्यावर पाण्याचा काटा मधोमध आला तरी ऑइल तेवढे तापलेले नसते, आणि या गाडीत ऑइलच्या तापमानाचा गेज नाही. तेव्हा पहिली पंधरा ते वीस मिनिटे ३,००० फेऱ्यांच्या वर जाऊ नका.

यांत्रिक गेजचे तीन आकडे, प्रयोगशाळेचा अहवाल आणि बाहेरचे तापमान एवढे मला कळवा. १५डब्ल्यू-५० ची गरज आहे की नाही ते त्यावरून सांगता येईल.